चाल कुणाची?

२०२२च्या जानेवारीत आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन दिवस जोरदार भांडण चाललं होतं. प्रजासत्ताक दिनानंतर २९ तारखेला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तिथे कित्येक दशकं वाजणारी 'अबाइड विथ मी'ची धून त्या वर्षी कार्यक्रमातून काढली होती आणि तिच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं होतं. एका गटाचं म्हणणं, बरं झालं, इंग्रजांचं गाणं गेलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, अरे, ते गांधीजींचं आवडतं गाणं होतं. कुणीतरी कवीचं नाव टाकलं: हेन्री फ्रान्सिस लाइट. मग लाइट कोण, पाद्री होता का, साम्राज्यवादी होता का, यावर आणखी शंभरेक मेसेज.

मी शेवटपर्यंत गप्प होतो, कारण मला वेगळीच शंका आली होती. विजय चौकात ते गाणं कुणी गात नाही. बँड वाजवतो, वरून घंटांचा आवाज येतो, संध्याकाळ होत असते. शब्द एकही नाही. म्हणजे जे काढलं ती फक्त चाल. मग भांडण कवीवरून का? चाल कुणाची आहे?

उत्तर एका मिनिटात सापडलं: विल्यम हेन्री मंक, १८६१. पण त्याच पानावर एक गोष्ट दिसली आणि मी पुढचे काही महिने मोकळ्या वेळात तेच वाचत बसलो. त्या चालीला स्वतःचं वेगळं नाव होतं. गाण्याचं नाव 'अबाइड विथ मी', चालीचं नाव 'इव्हनटाइड'.

प्रोटेस्टंट उपासनागीतांच्या जगात हा नियमच आहे. शब्द वेगळे, चाल वेगळी, दोघांना आपापलं नाव. आणि त्यांना जोडणारा एक आकडा. उदाहरणार्थ ८.६.८.६. याचा अर्थ पहिल्या ओळीत आठ अक्षरं (उच्चाराची अक्षरं, लिपीतली नव्हेत), दुसरीत सहा, तिसरीत आठ, चौथीत सहा. याला 'कॉमन मीटर' म्हणतात. गीतपुस्तकाच्या शेवटी एक सूची असते, तीत चाली अशा आकड्यांप्रमाणे लावलेल्या असतात. ८.६.८.६चं कुठलंही गीत घ्या, ८.६.८.६च्या कुठल्याही चालीत गा. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच ओळखू येईल: आकडा म्हणजे इंटरफेस. तो पाळला की आतलं इम्प्लिमेंटेशन कुणी लिहिलं आणि कधी बदललं, याच्याशी गाणाऱ्याला देणंघेणं नाही.

आपल्यालाही हे अगदी परकं नाही. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं पाहिलीत तर पदाच्या वर कंसात 'चाल' म्हणून एखाद्या आधीच्या गाण्याचा उल्लेख असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी बरीचशी पदं अशा तयार चालींवरच बांधली. फरक इतकाच की आपण चालीला तिच्या जुन्या शब्दांनी ओळखतो. प्रोटेस्टंटांनी तिला नाव देऊन स्वतंत्र केलं.

या व्यवस्थेमुळे काय काय होतं, याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे 'अमेझिंग ग्रेस'. शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ साली इंग्लंडमध्ये छापलेले. सोबत चाल नव्हती. लोक मिळेल त्या कॉमन मीटरच्या चालीत म्हणत. आज आपण जी चाल ऐकतो तिचं नाव 'न्यू ब्रिटन'. ती अमेरिकेतली, आणि ती कुणी बांधली हे अज्ञात आहे. विल्यम वॉकर नावाच्या माणसानं १८३५च्या 'सदर्न हार्मनी' या आपल्या पुस्तकात हे शब्द त्या चालीवर बसवले. न्यूटन १८०७ साली वारला होता. म्हणजे 'अमेझिंग ग्रेस' ऐकताना ज्या गोष्टीनं अंगावर काटा येतो, ती त्याच्या कवीनं जन्मात ऐकली नव्हती.

मुळात ही पद्धत आली कुठून? सोळाव्या शतकात धर्मसुधारकांना हवं होतं की चर्चमध्ये लॅटिन गाणारं प्रशिक्षित गायकवृंद नको, समोर बसलेल्या चांभार-सुतारांनी स्वतःच्या भाषेत गावं. मार्टिन ल्यूथर स्वतः ल्यूट वाजवायचा. शब्दही लिहायचा, चालीही बांधायचा. जिनिव्हात कॅल्व्हिन जास्त कडक. तिथे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची पद्यरूपं तेवढी गायची, वाद्य नाही, एका सुरात. त्या चालींचं काम बराच काळ लुई बुर्ज्वा नावाच्या संगीतकाराकडे होतं. त्यानं काही परिचित चाली सुधारल्या. झालं असं की लोकांना जुन्या पाठ झाल्या होत्या, चर्चमध्ये गोंधळ उडाला, आणि डिसेंबर १५५१मध्ये नगर परिषदेनं बुर्ज्वाला परवानगीशिवाय चाली बदलल्याबद्दल तुरुंगात टाकलं. कॅल्व्हिननं मध्यस्थी केली तेव्हा सुटला. प्रॉडक्शनवर न विचारता बदल ढकलणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच वर्षी छापलेल्या एका चालीला पुढे इंग्लंडमध्ये 'ओल्ड हंड्रेड्थ' नाव पडलं, कारण तिथे ती शंभराव्या स्तोत्राला जोडली गेली. जिनिव्हात ती १३४व्या स्तोत्राची होती. बहुतेक पुस्तकं ती बुर्ज्वाच्या नावावर देतात. पावणेपाचशे वर्षं ती रोज कुठे ना कुठे गायली जाते आहे आणि तिच्या कर्त्याची चरित्रातली ठळक घटना कुठली, तर चाली बदलल्या म्हणून झालेली अटक.

आता परत मंककडे. १८६१ साली लंडनमध्ये 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हे गीतपुस्तक निघालं. २७३ गीतं. त्याआधी अँग्लिकन चर्चमध्ये जो तो आपापलं पुस्तक वापरायचा. हे पुस्तक एका समितीनं काढलं आणि मंक तिचा संगीत संपादक होता. पुस्तकाचं नावही त्यानंच सुचवलेलं. त्यात प्रत्येक गीताला एक ठरावीक चाल, चार आवाजांच्या स्वरलेखनासह, त्याच पानावर छापली होती. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते, पण याचा परिणाम मोठा झाला. सूचीतून हवी ती चाल उचलायची सोय कागदावर राहिली. प्रत्यक्षात शब्द आणि चाल यांचं लग्न लागलं. पुढच्या पन्नास वर्षांत पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती गेल्या आणि साम्राज्यात जिथे जिथे चर्च होतं तिथे ही लग्नं पोचली.

'अबाइड विथ मी'चं लग्न त्यातलंच. लाइट हा डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या मच्छीमार बंदराचा पाद्री. क्षयानं खंगलेला. १८४७च्या शरद ऋतूत तो हवापालटासाठी दक्षिणेकडे निघाला आणि नोव्हेंबरमध्ये नीसला वारला. त्यानं या गीताला स्वतः एक चाल दिली होती. ती कुणी गात नाही. चौदा वर्षांनी मंकनं 'इव्हनटाइड' दिली. तिच्याबद्दल दोन कथा सांगतात. एक म्हणजे समितीच्या बैठकीत शेवटी लक्षात आलं की या गीताला चाल नाही, तेव्हा मंकनं दहा मिनिटांत लिहून दिली. दुसरी त्याच्या विधवा पत्नीनं सांगितलेली: ते दिवस त्यांच्या घरात मोठ्या दुःखाचे होते, दोघं मिळून सूर्यास्त बघत होते, आणि मग त्यानं ती लिहिली. मला दुसरी जास्त पटते, पण पहिलीही खोटी असेलच असं नाही. डेडलाइनवर दहा मिनिटांत लिहिलेलं बरंच काही आधीच्या कित्येक संध्याकाळींचं असतं.

१९२७पासून इंग्लंडच्या एफए कप फुटबॉल फायनलआधीही हेच गाणं गातात. हजारो माणसं, बऱ्याच जणांचा चर्चशी संबंध लग्न-अंत्यविधीपुरता. मंक १८८९ साली वारला. तोवर लंडनच्या स्टोक न्यूइंग्टनमधल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता.

मंकच्या या पुस्तकानं ज्याला खरोखर घराघरांत नेलं तो माणूस मात्र दुसरा: जॉन बॅकस डाइक्स. जन्म १८२३, हल. दहा वर्षांचा असताना आजोबांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. पुढे पाद्री झाला आणि डरॅम कॅथीड्रलमध्ये संगीताची जबाबदारी त्याच्याकडे आली. पुस्तकाची तयारी चालली आहे असं कळल्यावर त्यानं मंकला काही चाली पाठवल्या. सात घेतल्या गेल्या. ओळखीपाळखी नाही, ओपन सोर्स प्रकल्पाला कुणीतरी पॅच पाठवावा तसं.

त्या सातांपैकी एक 'नायसीया'. शब्द रेजिनल्ड हीबरचे. हा हीबर कोलकात्याचा बिशप होता, १८२५ साली मुंबईलाही येऊन गेला, आणि १८२६ साली तिरुचिरापल्लीला वारला. गीत त्रैक्याबद्दलचं, म्हणून चालीला नाव दिलं नायसीयाचं, जिथे इसवी सन ३२५ मध्ये त्या सिद्धान्तावर धर्मपरिषद भरली होती. दुसरी 'मेलिटा': समुद्रावरच्या लोकांसाठीचं गीत, म्हणून माल्टाचं जुनं नाव, कारण बायबलमध्ये संत पौलाचं जहाज तिथे फुटतं. ही चाल पुढे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही नौदलांची झाली. १९६३ साली केनेडींची शवपेटी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरून नेताना नौदलाच्या बँडनं हीच वाजवली. चालींना नावं ठेवण्याची ही हौस मला फार आवडते. व्हेरिएबलला इतकी विचारपूर्वक नावं आमच्या कोडमध्ये कुणी देत नाही.

डाइक्सची आणखी एक चाल गांधीजींच्या प्रार्थनांमुळे भारतात पोचली. 'लीड काइंडली लाइट' हे जॉन हेन्री न्यूमननं १८३३ साली भूमध्य समुद्रात बोट अडकून पडली असताना लिहिलं. तीसेक वर्षांनी डाइक्सनं त्याला 'लक्स बेनिग्ना' ही चाल दिली. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरून गर्दीतून चालताना सुचली म्हणतात. मधल्या काळात न्यूमन प्रोटेस्टंट राहिला नव्हता, कॅथलिक होऊन पुढे कार्डिनलही झाला. म्हातारपणी कुणी गीताचं कौतुक केलं की तो सांगायचा, लोकप्रिय झाली ती चाल, आणि ती डाइक्सची. कवीनं संगीतकाराला असं सरळ श्रेय दिल्याची उदाहरणं मला फारशी आठवत नाहीत.

इतकं यश मिळालेल्या माणसाचा शेवट वाचताना मात्र मी थांबलो. १८६२ पासून डाइक्स डरॅममधल्याच सेंट ऑस्वल्ड्सचा व्हिकर होता. त्याची धार्मिक ओढ कर्मकांडाकडे, रंगीत वस्त्रं आणि धूप यांच्याकडे. त्याचा बिशप चार्ल्स बेअरिंग याला हे सगळं कॅथलिक वळणाचं वाटायचं. डाइक्सच्या पॅरिशमध्ये कामाचा ढीग, त्याला साहाय्यक पाद्री हवा होता. बिशप म्हणाला, परवाना देतो, पण रंगीत पट्टे घालणार नाही, धूप जाळताना हजर राहणार नाही, असं लिहून द्या. डाइक्सनं नकार दिला आणि थेट क्वीन्स बेंच न्यायालयात गेला. जानेवारी १८७४मध्ये हरला. न्यायाधीश म्हणाले, हा बिशपचा अधिकार आहे. साहाय्यक मिळालाच नाही. तब्येत ढासळत गेली आणि २२ जानेवारी १८७६ रोजी ससेक्समधल्या टाइसहर्स्ट इथे तो वारला. वय ५२.

मला यात सारखं दिसतं ते हे: ज्या रविवारी बिशप परवाना नाकारत होता, त्या रविवारी त्याच्याच अखत्यारीतल्या चर्चमध्ये डाइक्सच्या चाली चालू असणार. १८७५च्या आवृत्तीत त्या पन्नासहून जास्त होत्या. डाइक्सच्या माघारी पत्नी आणि मुलांसाठी वर्गणी काढली गेली आणि १०,००० पौंडांहून जास्त जमले. त्या काळात ही रक्कम अफाट होती. लोकांना चालीचा कर्ता माहीत होता, निदान त्या वेळी तरी.

नावं पुसली जाण्याला पुढच्या पिढीनंही हातभार लावला, आणि तोही चांगल्या हेतूनं. १९०४ साली पर्सी डिअरमर नावाचा पाद्री तरुण संगीतकार राल्फ वॉन विल्यम्सकडे आला: नवं गीतपुस्तक काढतोय, संगीत बघ, दोनेक महिन्यांचं काम आहे. काम दोन वर्षं चाललं आणि नकला वगैरे करून घेण्याचा खर्च सुमारे २५० पौंड झाला, त्यातला बराच त्याच्याच खिशातून. (दोन महिन्यांचा अंदाज आणि दोन वर्षांचं काम. या व्यवसायाला मी ओळखतो.) गंमत म्हणजे हा माणूस श्रद्धाळू नव्हता. पण त्याचं मत ठाम होतं की साध्या करमणुकीच्या जागी लोक जे संगीत खपवून घेणार नाहीत, ते चर्चमध्ये चालवून घेणं हा नैतिक प्रश्न आहे. डाइक्सच्या पठडीतल्या गोडसर, पाघळणाऱ्या व्हिक्टोरियन चाली त्याला सहन होत नसत. पूर्ण टाकल्या तर लोक ओरडले असते, म्हणून काही त्यानं शेवटी परिशिष्टात लोटल्या. त्या परिशिष्टाला तो 'भुताखेतांची खोली' अशा अर्थाचं नाव घ्यायचा.

रिकाम्या जागी त्यानं आणलं काय? लोकगीतं. तो खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या माणसांकडून गाणी टिपून घेत होता. सरेमधल्या फॉरेस्ट ग्रीन गावात डिसेंबर १९०३मध्ये गार्मन नावाच्या माणसाकडून त्यानं नांगऱ्याच्या स्वप्नाचं एक गाणं टिपलं. ती चाल 'फॉरेस्ट ग्रीन' नावानं बेथलेहेमच्या नाताळगीताला दिली. ससेक्समधल्या मंक्स गेट इथे हॅरिएट व्हेरॉल या बाईंकडून घेतलेली चाल 'मंक्स गेट' झाली आणि जॉन बनियनच्या शब्दांवरून केलेल्या गीताला बसवली. मला इथे अडखळायला होतं. चालीला गावाचं नाव मिळालं, ज्या बाईंच्या गळ्यात ती जिवंत होती त्यांचं नाही. वहीत मात्र त्यानं नावं नीट लिहून ठेवली होती, म्हणून आज ती सापडतात. आणि त्याच्या बाजूनं हेही सांगायला हवं की १९०६च्या त्या 'इंग्लिश हिमनल'मध्ये स्वतःच्या चालींवरही त्यानं आपलं नाव घातलं नाही. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या चालीचं नाव 'सिने नॉमिने', लॅटिनमध्ये 'नावाविना'.

या सगळ्यात इंग्लंडबाहेर काय झालं, हे मला नगरच्या एका सहकाऱ्यामुळे कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीप्रमाणे चालींचं पुराण लावलं होतं. तो म्हणाला, आमच्याकडे 'उपासना संगीत' आहे, त्यात टिळकांची पदं बघ. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, म्हणजे मंकचं पुस्तक निघालं त्याच वर्षी. आपल्याला ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मधून माहीत असतात. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम केलं आणि शेकडो ख्रिस्ती गीतं लिहिली.

मिशनरी त्याआधीपासून इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं करून ती मूळ पाश्चात्त्य चालींत गाऊन घेत होते. आकडा जुळत होता. पण ८.६.८.६ हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. इंग्रजीत कुठल्या अक्षरावर जोर पडणार हेही ठरलेलं असतं, ते आकड्यात लिहिलेलं नसतं. मराठी चालते ऱ्हस्व-दीर्घावर, मात्रांवर. त्यामुळे अक्षरं मोजून बसवलेली ओळ गायला घेतली की चाल भलत्याच जागी जोर देते आणि साधा शब्द वाकडा ऐकू येतो. इंटरफेस पाळला, तरी आतलं न लिहिलेलं गृहीतक फुटलं. टिळकांनी ते दुरुस्त करण्याची खटपट केली नाही, त्यांनी इंटरफेसच बदलला: अभंग, ओवी, पद. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणायचे. मला वाटतं, त्यांच्या गीतांबाबत हे अगदी शब्दशः खरं आहे. सहकाऱ्यानं एक पद डब्याच्या झाकणावर ठेका धरून म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्यांना ते भजनच वाटलं.

त्याच दिवशी घरी येऊन मी तो जुना व्हॉट्सॅप ग्रुप उघडला. भांडण केव्हाच विझलं होतं. 'ऐ मेरे वतन के लोगों'बद्दलही तिथे भरपूर लिहिलेलं सापडलं: लताबाई, कवी प्रदीप, १९६३, नेहरूंचे डोळे. चाल बांधणाऱ्याचं नाव एकाही मेसेजमध्ये नव्हतं. मी लिहिलं, 'जुनी चाल विल्यम मंकची होती. नवी सी. रामचंद्रांची. रामचंद्र चितळकर, जन्म १९१८, पुणतांबे, जिल्हा अहमदनगर.'

बराच वेळ काही आलं नाही. मग एकाचा मेसेज आला: 'पुणतांबे? आमच्या मामाच्या गावाहून तासाभरावर आहे. कधी बोलला नाही कुणी.'